कुठला पाथवे निवडू? गोव्यातल्या साखळीच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साखळीची, एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला. पुढे पीएचडी करून अँटिबॉडीसारखी जैविक औषधं शोधण्याच्या कामात जायचं मनात आहे. पेशींतल्या संदेशवहनाचे चार मार्ग तिने निवडून ठेवलेत: विंट, नॉच, जॅक-स्टॅट आणि मॅप कायनेज. यातला कुठला धरला तर नवीन औषध निघण्याची शक्यता सगळ्यात जास्त, हा तिचा प्रश्न. आणि जाता जाता दुसरा: हे गोव्यात राहून काही होतं, की बेंगळुरूची बॅग भरायची?

मी तेवीस वर्षं हेच काम केलं, आधी बेंगळुरूला, मग पुण्याला. आता फोंड्याला घरी असते आणि अधूनमधून शिकवते. तू माझ्या भाचीच्या वयाची असणार, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

तुझ्या यादीतल्या चारही पाथवेंवर कंपन्यांनी अमाप पैसा ओतलाय. चारहींतून काही ना काही हाती लागलंय आणि चारहींत नावाजलेली औषधं सपशेल आपटलीत. म्हणजे पाथवेच्या नावावरून काही ठरत नाही. मुलाखतीला आलेली मुलं 'मी विंटवर काम केलंय' म्हणायची, तेव्हा मी विचारायचे, विंटवर म्हणजे कुठे? कोणत्या प्रथिनावर, कोणत्या पेशीत, कुठल्या आजारात? तिथे निम्मी मुलं गप्प व्हायची. तुझ्या प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे. त्या लांबलचक साखळीतली कुठली एक कडी आपल्या हाताला लागते, आणि ती धरली तर माणसाच्या आजारात फरक पडेल असं मानायला आधार काय?

आधी 'हाताला लागते' म्हणजे काय ते. एका अँटिबॉडीचं वजन साधारण १,५०,००० डाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक). ॲस्पिरिनचं १८०. ॲस्पिरिन पेशीच्या पडद्यातून आत सरकू शकते, अँटिबॉडी नाही. ती रक्तात आणि पेशींच्या मधल्या द्रवात फिरते, पेशीच्या बाहेरच्या अंगाला चिकटते. पेशीने तिला गिळलं तरी ती बहुधा पिशवीतच राहते, कायनेजांची, म्हणजे संदेश पुढे ढकलणाऱ्या प्रथिनांची, लगबग चालते त्या आतल्या भागात पोचत नाही. मला हे समजावताना नेहमी आमचं कुंभारजुव्याचं खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतजमीन, आठवतं. बाहेर खारं पाणी, मध्ये बांध, बांधात मानस, म्हणजे पाण्याचं दार. भरती आली की पाण्याच्याच दाबाने मानशीची फळी मिटते, ओहोटीला उघडते. आत पोय म्हणजे पाणी साठायची जागा, पाट आणि कोरगुट भाताची शेतं. आता असा गडी समज, ज्याला बांधावरून खाली शेतात उतरायची बंदी आहे. तो नदीच्या बाजूने काय वाटेल ते करू शकतो: मानशीची फळी अडवील, उघडी धरून ठेवील, येणारं पाणीच दुसरीकडे वळवील. पण आतला एखादा पाट तुंबला किंवा फुटला तर त्याला काही करता येत नाही. अँटिबॉडी म्हणजे तो गडी. लायगँड, म्हणजे बाहेरून संदेश आणणारा रेणू, हे बाहेरचं पाणी; रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या पडद्यावर तो संदेश घेणारं प्रथिन, ही मानस, आणि वर्गात फळ्यावर बाणांनी काढतात तो सगळा पसारा म्हणजे आतले पाट. फळ्यावर नव्वद टक्के जागा पाटांनी खाल्लेली असते. तुझ्या कामाची जागा मात्र वरच्या दोन ओळींत आहे.

या नजरेने तुझी यादी बघ. जॅक आणि स्टॅट ही दोन्ही प्रथिनं पेशीच्या आत. त्यांना धरायचं तर गोळी लागते, उदाहरणार्थ टोफासिटिनिब, २०१२ साली अमेरिकेत मान्य झालेली. पण जॅक-स्टॅट ज्यांच्या इशाऱ्यावर चालतात ते सायटोकाइन (प्रतिकारपेशींचे निरोप नेणारी प्रथिनं) आणि त्यांचे रिसेप्टर बाहेर आहेत, आणि तिथे अँटिबॉडींनी मोठी मजल मारली. आयएल-६ या सायटोकाइनचा रिसेप्टर अडवणारी टोसिलिझुमॅब, आयएल-४ आणि आयएल-१३ दोघांनाही लागणारा सामाईक रिसेप्टर अडवणारी डुपिलुमॅब. पाथवेचं नाव तेच, पण खालच्या कडीला गोळी आणि वरच्या कडीला अँटिबॉडी. गोळी एकदम अनेक सायटोकाइनांचे संदेश दाबते, अँटिबॉडी एकदोघांचे. कुठलं बरं, ते आजारावर ठरतं.

मॅप कायनेजची गोष्ट जास्त बोधक आहे, कारण तिथे शहाणी माणसं फसली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ईजीएफआर हा रिसेप्टर अडवायला सेटुक्सिमॅब ही अँटिबॉडी २००४ मध्ये आली. काही रुग्णांना छान गुण यायचा, काहींना शून्य. रिसेप्टर तर दोघांतही दिसायचा. पुढे कळलं की ज्यांच्या गाठीत केरास या जनुकात बिघाड आहे त्यांना हे औषध लागूच पडत नाही. केरास रिसेप्टरच्या खाली बसतं, आणि बिघडलेलं केरास कायम चालू अवस्थेत अडकलेलं असतं. वर मानस घट्ट बंद केलीस, पण बांधाला खेकड्यांनी बिळं पाडलीत, तर शेतात खारं पाणी भरणारच. २००९ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलं गेलं की असा बिघाड असलेल्यांना देऊ नका. तोवर कित्येकांनी अंगभर पुरळ आणि मोठं बिल, दोन्ही फुकट सोसलं. थेट केरासला धरणारं पहिलं औषध, सोटोरासिब, २०२१ ला आलं, आणि ती अर्थातच गोळी आहे. कुठल्याही कर्करोगात रिसेप्टरवर काम करायचं म्हणालीस की माझा पहिला प्रश्न हाच असेल: खाली कुठे बीळ पडलंय का, ते तपासलंस?

विंटवर थोडं थांबते, कारण तो मला सगळ्यात आवडतो आणि सगळ्यात जास्त लोकांना फसवतो. आतड्याच्या कर्करोगात विंट प्रचंड चालू असतो म्हणून विंट अडवा, असं तर्कशास्त्र. पण यातल्या बहुसंख्य गाठींत एपीसी हे आतलं प्रथिन मोडलेलं असतं. पुन्हा खेकड्याचं बीळ. वरचा रिसेप्टर अडवून त्या गाठींत फारसं साधत नाही. तरीही विंटचे फ्रिझल्ड नावाचे रिसेप्टर अडवणाऱ्या अँटिबॉडी निघाल्या, इतर कर्करोगांच्या चाचण्यांत गेल्या, आणि तिथे रुग्णांची हाडं मोडायला लागली. कारण हाड घडवायला विंट लागतो. पाथवेला तुझा आजार तेवढा ठाऊक नसतो, तो अंगभर पसरलेला असतो.

आता याच विंटची दुसरी बाजू. दक्षिण आफ्रिकेतल्या काही आफ्रिकानर कुटुंबांत स्क्लेरोस्टिओसिस नावाचा दुर्मीळ आजार आहे. या लोकांची हाडं विलक्षण दाट आणि जड, सहसा मोडतच नाहीत. त्रास वेगळाच होतो: कवटीचं हाड वाढून नसा दाबल्या जातात, बहिरेपण येतं, चेहरा लुळा पडतो. २००१ साली त्यामागचं जनुक सापडलं. त्या जनुकातून स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन बनतं, हाडातल्या पेशी ते बाहेर सोडतात आणि ते विंटला लगाम घालतं. यांच्यात लगामच नाही, म्हणून हाड वाढत राहतं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की ठिसूळ हाडं झालेल्या म्हाताऱ्या बाईत हा लगाम थोडे दिवस सैल केला तर? स्क्लेरोस्टिनला पकडणारी रोमोसोझुमॅब ही अँटिबॉडी २०१९ मध्ये जपान आणि अमेरिकेत मान्य झाली. कडी पेशीच्या बाहेर, मुख्यतः हाडातच बनणारी, आणि निसर्गानेच माणसांवर प्रयोग करून ठेवलेला. इतकं सगळं जुळूनही तिच्यावर हृदयविकार आणि पक्षाघाताचा ठळक इशारा छापावा लागला, आणि ती फक्त वर्षभर देतात. एकाच पाथवेवर एका जागी हात घातला तर हाड मोडतं, दुसऱ्या जागी घातला तर हाड भरतं. आता तू मला 'विंट निवडू का' असं विचारलंस, तर मी काय उत्तर देणार?

नॉचबद्दल मी नाउमेद आहे. आतड्याच्या अस्तरापासून रक्तवाहिन्यांपर्यंत तो सगळीकडे लागतो; अडवला की जुलाब सुरू. सरसकट अडवणारी बहुतेक औषधं तिथेच अडली. कुणी एखाद्याच पेशीत नेमकं धरायची युक्ती काढली तर माझं मत बदलेन.

तर आधार. औषधांच्या जगात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा पुरावा म्हणजे माणसांच्या जनुकांतले नैसर्गिक फरक. पीसीएसके९ (यकृतावरचे कोलेस्टेरॉल उचलणारे रिसेप्टर कमी करणारं प्रथिन) ची गोष्ट काटेकोर अर्थाने संदेशवहनाची नाही, पण रिसेप्टरचीच आहे, म्हणून सांगते. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत दिसलं की हे जनुक जास्त जोमाने चाललं तर कोलेस्टेरॉल भयंकर वाढतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात उलट दिसलं: ज्या कृष्णवर्णीय लोकांत या जनुकाची एक प्रत निकामी होती, त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल २८ टक्क्यांनी कमी आणि हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी. वाढवलं तर आजार, घटवलं तर संरक्षण, आणि घटवलेली माणसं धडधाकट फिरतायत. २०१५ मध्ये त्याविरुद्धच्या दोन अँटिबॉडी बाजारात आल्या. इतका सरळ पुरावा क्वचित मिळतो, पण मिळतो का ते बघायचे तरी कष्ट घ्यावेत. निकामी प्रत घेऊन निरोगी जगणारी माणसं सापडली, तर ते प्रथिन अडवल्यावर काय होईल याचा अर्धा अंदाज तुला एक उंदीर न मारता मिळतो.

उंदीर मारू नकोस असं म्हणत नाहीये. पण उंदरावर, आणि माकडावरही, कितपत विसंबायचं याची आठवण म्हणून १३ मार्च २००६ ही तारीख मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे. लंडनच्या नॉर्थविक पार्क इस्पितळाच्या आवारात टीजीएन१४१२ नावाची अँटिबॉडी सहा निरोगी तरुणांना पहिल्यांदा दिली गेली. ती टी पेशी या प्रतिकारपेशींवरच्या सीडी२८ रिसेप्टरला अडवत नव्हती, चेतवत होती. माकडांना सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाने दिली, तरी दीड तासात सहाही जण सायटोकाइनच्या वादळात सापडले, अवयव बंद पडू लागले. सगळे वाचले, पण अतिदक्षता विभागातून. नंतर लक्षात आलं की माणसाच्या ज्या स्मृती टी पेशींनी हा गोंधळ घातला, त्याच जातीच्या पेशींवर त्या माकडांत सीडी२८ नव्हताच. तेव्हापासून अशा औषधाची पहिली मात्रा 'किती सोसेल' यावरून न काढता 'कितीने किमान परिणाम दिसायला सुरुवात होईल' यावरून काढतात. नाव तेच, क्रम जवळपास तोच, पण कोणत्या पेशीवर किती, हे वेगळं. हे टेबलावर बसून तपासता येतं आणि तपासलं पाहिजे.

आणि एकच कडी वेगवेगळ्या आजारांत वेगळी वागते, हेही पचवायला लागतं. टीएनएफ हे दाह पेटवणारं सायटोकाइन अडवणाऱ्या औषधांनी १९९८ पासून संधिवात आणि क्रोन्स या आतड्याच्या आजारात क्रांती केली. तीच कल्पना मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात लावली तर आजार बळावला. आयएल-१७ अडवून सोरायसिसची त्वचा लख्ख होते, पण क्रोन्समध्ये त्याच औषधाने लोक उलट बिघडले, कारण आतड्याचं अस्तर टिकवायला आणि बुरशीला रोखायला आयएल-१७ लागतं. कागदावर दोन्ही आजारांत आयएल-१७ वाढलेलंच दिसतं. वाढलेलं दिसलं म्हणजे तेच गुन्हेगार असं नाही. आग लागली तिथे बंबवालेही असतात.

आता प्रयोगशाळेतलं, जे कुठल्या व्याख्यानात सांगत नाहीत.

एका प्रकल्पात आम्हाला एक रिसेप्टर अडवायचा होता. नाव सांगत नाही, करार आहे. फाज डिस्प्लेमधून (विषाणूंच्या मदतीने चिकटणाऱ्या अँटिबॉडी गाळून काढायची पद्धत) दोनेकशे क्लोन, म्हणजे वेगवेगळ्या अँटिबॉडी, निघाले, त्यातले बारा रिसेप्टरला असे घट्ट चिकटायचे की बघत राहावं. सगळे खूश. मग त्यांना रिपोर्टर पेशींवर घातलं. या पेशींत पाथवे चालू झाला की ल्युसिफेरेज बनतं आणि प्लेट रीडरमध्ये उजेड मोजता येतो. अडवणारी अँटिबॉडी घातली की उजेड उतरला पाहिजे. संध्याकाळी सात वाजता आकडे आले तेव्हा आठ क्लोनांचा उजेड उतरायच्या ऐवजी चढलेला, मात्रेप्रमाणे पायरी पायरीने. मी प्रयोग करणाऱ्या मुलाला म्हटलं, तू प्लेट उलटी ठेवलीस. त्याने बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. तेच. तिसऱ्या दिवशी माझी ट्यूब पेटली. अँटिबॉडीला हात दोन असतात. असे अनेक रिसेप्टर जोडीने जवळ आले की चालू होतात. आमची अँटिबॉडी दोन हातांनी दोन रिसेप्टर पकडून शेजारी आणून ठेवत होती. लायगँडचं कामच ती करत होती. पपेन या प्रथिन कापणाऱ्या विकराने कापून एकेका हाताचे तुकडे केले तर तेच क्लोन गुपचूप अडवायला लागले. हा काही आमचाच शोध नव्हे. मेट नावाच्या रिसेप्टरविरुद्धच्या सुरुवातीच्या अँटिबॉडींचं नेमकं हेच झालं होतं, म्हणून पुढे ओनार्टुझुमॅब मुद्दाम एका हाताची घडवली. तीही शेवटी २०१४ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मोठ्या चाचणीत नापास झाली, पण ते दुसरं दुखणं. तुझ्यापुरतं इतकं, की चिकटणं आणि काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घट्ट चिकटणाऱ्याला पहिला नंबर देऊ नकोस. आधी पेशीवर काय करते ते बघ.

दुसरी फजिती जास्त लाजिरवाणी. रक्तातल्या मोनोसाइट पेशींवर आमचं एक प्रथिन घातलं की टीएनएफ भरभरून सुटायचं. नवीन पाथवे सापडला म्हणून साडेतीन महिने आम्ही हवेत. पॉवरपॉइंट झाले, वरिष्ठांसमोर मिरवून झालं. मग एका जुन्या सहकाऱ्याने जेवताना विचारलं, उकळून बघितलंस का? म्हटलं, कशाला? तो म्हणाला, उकळ तर खरं. उकळलं. प्रथिन मेलं असणार, पण टीएनएफ तेवढंच सुटलं. ई. कोलाय जिवाणूंत बनवलेल्या प्रथिनाबरोबर आलेलं एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या कवचातलं विष, होतं ते. अर्ध्या तासाच्या उकळण्याने त्याला काही होत नाही. मोनोसाइट एंडोटॉक्सिनच्या अगदी पुसटशा अंशालाही धावून येतात. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला नियम: प्रतिकारपेशींवर काही घालायचं तर आधी एंडोटॉक्सिनची चाचणी, एक नमुना उकळलेला, एक एंडोटॉक्सिनला निकामी करणारं पॉलिमिक्सिन घातलेला. तुझ्या चार पाथवेंपैकी कुठलाही घेतलास तरी हा खड्डा वाटेत आहेच.

काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही प्रामाणिकपणे सांगते. लायगँड पकडावा की रिसेप्टर, याला एकच उत्तर नाही. लायगँड थोडा आणि एकटाच असेल तर त्याला पकडणं सोपं. एका रिसेप्टरला चार लायगँड लागत असतील आणि आजारात चौघेही हात मारत असतील तर रिसेप्टर बरा. पण रिसेप्टर यकृतात, रक्तवाहिन्यांत, सगळीकडे पसरलेला असेल तर तुझं महागडं औषध तो तिकडेच शोषून घेतो आणि आजाराच्या जागी पोचेपर्यंत उरत नाही. मात्रा वाढवत न्यावी लागते. अँटिबॉडीचा मागचा दांडा कुठला ठेवायचा तेही आजार ठरवतो. गाठीतली पेशी मारायची असेल तर आयजीजी१ प्रकारचा, कारण तो मारेकरी पेशींना बोलावतो. नुसतं अडवायचं असेल आणि रिसेप्टर चांगल्या पेशीवर असेल तर आयजीजी४ प्रकारचा किंवा मुका केलेला दांडा, नाहीतर रोग बाजूला आणि निरोगी पेशी ठार.

आपल्याकडच्या रुग्णांचंही एक गणित आहे, परदेशी पेपरांत ते तळटीपेत असतं. टीएनएफ शरीरात क्षयाच्या जंतूंना गाठीत कोंडून ठेवायचं काम करतं. ते अडवलं की झोपलेला क्षय उठतो. २००१ मध्येच हे स्पष्ट झालं. तिकडे हा दुर्मीळ दुष्परिणाम, आपल्याकडे रोजचा विचार. त्यामुळे औषध सुरू करण्याआधी मॅंटू किंवा रक्ताची इग्रा चाचणी आणि छातीचा एक्स-रे. नवीन कडी निवडताना तू स्वतःला विचार, ही कडी क्षयाशी, बुरशीशी, जंतांशी लढायला लागते का? बोस्टनमध्ये बसलेल्याला हा प्रश्न सुचायला उशीर लागेल, तुला लागू नये.

आणखी एक, मोजमापाबद्दल. आयएल-६ चा रिसेप्टर अडवला की रक्तातलं आयएल-६ कमी होत नाही, वाढतं, कारण ज्या रिसेप्टरमधून त्याचा निचरा व्हायचा तोच बंद आहे. आणि सीआरपी, म्हणजे डॉक्टर दाह किंवा जंतुसंसर्ग ओळखायला रक्तात मोजतात ते प्रथिन, जवळजवळ शून्यावर जातं, कारण यकृताला सीआरपी बनवायचा हुकूमच आयएल-६ देतं. मग रुग्णाला खरोखरचा जंतुसंसर्ग झाला तरी सीआरपी शांतच. नवखा डॉक्टर तिथे फसतो, आणि नवखा संशोधक 'औषध काम करत नाही, आयएल-६ वाढलंय' म्हणून रडत येतो. मी असे दोघेही पाहिलेत. पाथवे समजला असेल तर हे आकडे आधीच सांगता येतात, आणि पाथवे शिकायचा तो खरा यासाठी.

इथवरचं आवरून घेऊ: पाथवेच्या नावाऐवजी एक कडी धर, ती पेशीबाहेर असावी, खाली बीळ नसावं, माणसांच्या जनुकांतून किंवा दुर्मीळ आजारातून तिची साक्ष मिळावी, आणि एक आजार पक्का असावा. आता गोवा.

खरं सांगायचं तर अँटिबॉडी शोधून, पेशींत बनवून, शुद्ध करून माणसापर्यंत न्यायची पूर्ण व्यवस्था गोव्यात नाही. वेर्ण्याच्या कारखान्यांत मनुष्यबळ भरपूर आहे, पण तिथला भर रासायनिक औषधांवर, गोळ्या-कॅप्सूलवर. बायोरिॲक्टरमध्ये सीएचओ पेशी (ज्यांत अँटिबॉडी बनवतात त्या हॅमस्टरच्या पेशी) वाढवायला बेंगळुरू, हैदराबाद, पुणे, अहमदाबाद. तिथेही बहुतेक कंपन्या तयार औषधांची जैवसमान रूपं बनवतात, रिटुक्सिमॅब या कर्करोगावरच्या अँटिबॉडीचं २००७ मध्ये आलेलं भारतीय रूप त्यातलं पहिलं गाजलेलं. नवीन कडीवरचं औषध इथून पुढे नेल्याची उदाहरणं थोडी. २०१३ मध्ये सोरायसिससाठी आलेली इटोलिझुमॅब हे त्यातलं एक. सीडी६ या कडीवरची, क्यूबातल्या संशोधनाच्या साथीने बेंगळुरूत वाढवलेली. तेव्हा नोकरीसाठी बॅग भरावी लागेल, आज नाही तर चार वर्षांनी.

पण पीएचडीचा पहिला, सगळ्यात महत्त्वाचा भाग, कडी निवडण्याचा आणि तिची चाचणी बसवण्याचा, इथे होऊ शकतो. ओपन टार्गेट्स, नोमॅड, ह्युमन प्रोटीन ॲटलस, जनुकं आणि प्रथिनांच्या माहितीचे हे साठे इंटरनेटवर फुकट उघडे आहेत. साखळीला घरी बसून बघता येतं. रिपोर्टर पेशी आणि प्लेट रीडर यांच्यासाठी बेंगळुरू लागत नाही. ताळगावचं विद्यापीठ किंवा झुआरीनगरचं बिट्स, जिथे पेशी वाढवायची सोय आणि तुझ्यावर ओरडायला वेळ असलेला मार्गदर्शक असेल ते बघ. आणि जी गोष्ट बेंगळुरूच्या चकचकीत कंपनीलाही सहज मिळत नाही, ती तुला तासाभरावर आहे: बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. अर्ध्या गोव्याचे रुग्ण एका छताखाली. तिथल्या एखाद्या त्वचारोग किंवा संधिवाताच्या डॉक्टरांकडे जा, आठवड्यातून एक सकाळ ओपीडीत मागे बसू देता का विचार. रुग्णांचे नमुने लगेच मागू नकोस, त्याला नैतिकता समितीची परवानगी, संमतीपत्रं, सगळं रीतसर लागतं. आधी नुसतं ऐक. कुठल्या औषधाने गुण आला, कुणाला नाही आला, सहा महिन्यांनी कुणाचा गुण ओसरला. माझ्या कामातल्या दोन चांगल्या कल्पना पेपरातून आल्या नाहीत, 'मॅडम, पहिल्या तीन इंजेक्शनांना बरं वाटलं, मग नाही' असं म्हणणाऱ्या एका रिक्षावाल्याकडून आल्या. त्याच्या अंगात औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार झाली होती.

व्यवहाराची एक गोष्ट. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी वागते ते तुला सांगायला नको. उणे ऐंशीच्या फ्रीजरला जनरेटर आहे का, तो रात्री आपोआप सुरू होतो का की वॉचमनला उठवावं लागतं, हे प्रवेश घेण्याआधी विचार. मार्गदर्शकाच्या पेपरांची यादी सगळेच विचारतात, हे कुणी विचारत नाही, आणि जुलैच्या एका रात्रीत चार वर्षांच्या पेशी पाणी होतात.

आता लगेच काय करशील? चारही पाथवे कागदावर काढ आणि प्रत्येकाच्या वरच्या दोन ओळी सोडून बाकी सगळं पेन्सिलने खोड. उरलेल्या नावांपैकी प्रत्येकासमोर लिही: हे प्रथिन नसलेली माणसं जगात आहेत का, आणि त्यांना काय होतं. वीसेक नावांपैकी तीन-चारांसमोरच काही लिहिता येईल. ती तीन-चार घेऊन ये, मग बोलू. आणि मधल्या काळात कुठून पेशी मागवल्यास तर फ्लास्क इनक्यूबेटरमध्ये ठेवायच्या आधी मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींत लपून प्रयोग बिघडवणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंची, चाचणी करून घे.